पेल्यावरचा राजा राजा नसावा

क्रीट बेटाच्या दक्षिणेला, फेस्टोसच्या राजवाड्यापासून जवळच असलेल्या आगिया त्रियादा इथे विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन उत्खननात एक दगडी पेला मिळाला. काळ इसवी सनापूर्वी १५५० ते १४५०च्या आसपासचा, म्हणजे मिनोअन संस्कृतीचा. (मिनोअन लोक ग्रीक बोलत नसावेत, तरी ग्रीक कलेचा इतिहास सांगायला बसलेला प्रत्येक जण सुरुवात यांच्यापासूनच करतो.) उंची जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. जुन्या पुस्तकांत दगड शंखजिऱ्याचा म्हटलेला असतो, प्रत्यक्षात तो सर्पेंटाइन आहे. तिथेच मिळालेल्या, मुष्टियोद्धे कोरलेल्या निमुळत्या पात्राच्या बुडाला भोक आहे. ते ओतण्यासाठी होते. या पेल्याला तसे भोक नाही. हा पिण्याचाच पेला, आणि पुढच्या विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

त्यावर समोरासमोर दोन तरुण कोरले आहेत, दोघेही बिनदाढीचे. एकाचे केस लांब मोकळे, गळ्यात माळा, मनगटात कडी, कमरेला खंजीर, आणि पुढे ताणलेल्या हातात उभी काठी. दुसऱ्याच्या खांद्यावर तलवार आहे. मागच्या बाजूला तीन माणसे जनावरांची भली मोठी कातडी वाहून नेताहेत; कातड्यांमागे त्यांची शरीरे जवळपास झाकून गेली आहेत. काठीवाला राजा किंवा सरदार आणि तलवारवाला त्याचा अंमलदार, असा अर्थ सुरुवातीलाच लावला गेला आणि ‘म्होरक्याचा पेला’ हे नाव रूढ झाले. मला हा अर्थ पटत नाही. राजा दिसतो तो क्रीटमधल्याच नॉसॉसमध्ये राजवाडा सापडल्यामुळे, पेल्यामुळे नव्हे. मिनोअन कलेत निर्विवाद राजा म्हणता येईल अशी आकृती जवळजवळ नाहीच. नॉसॉसच्या भित्तिचित्रातला प्रसिद्ध ‘लिलींचा राजपुत्र’सुद्धा सुट्या तुकड्यांतून जुळवलेला आहे आणि ती जुळणी आज संशयास्पद मानली जाते. याउलट केसांची भाषा या कलेत पक्की आहे. थेरा बेटावरच्या अक्रोतिरीच्या भित्तिचित्रांत मुलांची भादरलेली डोकी निळसर रंगवून त्यांवर राखलेल्या बटा दाखवल्या आहेत. मुंजीतला घेरा ठाऊक असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावायला नको: केस वय सांगतात. पेल्यावरच्या दोघांची केशरचना एकसारखी नाही. म्हणून त्यांच्यातला फरक हुद्द्याचा असण्यापेक्षा वयाच्या टप्प्याचा असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल यांनी १९८६मध्ये याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. एफोरस या ग्रीक इतिहासकाराने वर्णन केलेली एक क्रीटन प्रथा भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवून ठेवली आहे. वयाने मोठा पुरुष एका मुलाला ठरवून पळवून नेतो, दोन महिने रानात शिकार आणि मेजवान्या होतात, आणि परत पाठवताना मुलाला युद्धाचा पोशाख, बैल आणि पेला द्यावाच लागतो. शस्त्र, बैलाच्या जागी कातडे आणि पेला तिन्ही इथे आहेत. फक्त पेला चित्रात नाही, तो पिणाऱ्याच्या हातात आहे. आक्षेप उघड आहे: एफोरस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, मधे हजार वर्षे, आणि त्या काळात बेटाची भाषासुद्धा बदलली. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच एफोरसला पुरावा मानू नये, ताडून पाहण्यापुरता घ्यावा. तो वगळला तरी केस, कोवळे चेहरे आणि पिण्याचे पात्र हा पेल्यातलाच पुरावा शिल्लक राहतो.

त्याहून जड आक्षेप काठीचा आहे. क्रीटमधल्याच खानिया इथे मिळालेल्या, मुद्रेच्या मातीतल्या ठशावर इमारतींच्या माथ्यावर उभा असलेला पुरुष अशीच काठी पुढे धरतो, आणि तो सामान्य माणूस खचितच नाही. काठी अधिकार सांगते हे मी मान्य करतो. पण ठशावरचा पुरुष देव की राजा हे अजून ठरलेले नाही, आणि विधीपुरता मिळालेला अधिकारही अधिकारच असतो. कातडी म्हणजे करवसुली, असेही म्हणता येईल. आगिया त्रियादामध्ये लिनिअर ए या मिनोअन लिपीतल्या पाट्या भरपूर मिळाल्या आहेत, म्हणजे तिथे हिशेब ठेवला जात होताच. पण इथे कोणी मोजताना दिसत नाही, आणि एजियन योद्ध्यांच्या अंगभर ढाली कातड्याच्याच असत. तलवारीच्या पाठीमागे कातडी येतात ती ढालींसाठी, हा अर्थ मला जास्त सरळ वाटतो.

पेला इराक्लिओच्या संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर काठीवाल्यापाशी थांबण्याआधी मागच्या बाजूला जा आणि कातडी वाहणाऱ्या तिघांपासून पाहायला सुरुवात करा.