आंबेजोगाईच्या परसांतील टोमॅटो

मराठवाड्याचा प्रवास म्हटला, कीं परळीचा वैद्यनाथ आणि आंबेजोगाईची योगेश्वरी हीं दोन स्थानें मनांत प्रथम उभीं राहतात. कोंकणस्थांपैकीं पुष्कळ घराण्यांची योगेश्वरी ही कुलस्वामिनी. तेव्हां त्यांचें बीड जिल्ह्यांत जाणें बहुधा दर्शनासाठींच. आम्हींही त्याच निमित्तानें गेलों. परंतु आमचें मन रमलें तें एका आप्तांच्या परसांत, टोमॅटोच्या वाफ्यापाशीं. मुठींत न मावणारीं, तांबडींलाल फळें तेथें तुराट्यांच्या आधारानें झुलत होतीं.

नवल वाटण्याचें कारण असें, कीं हा मुलूख पाण्याला पारखा. बालाघाटाच्या डोंगरांत मांजरा नदी येथेंच उगम पावते. परंतु २०१६ सालीं केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें आणि त्यावर विसंबलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा ठिकाणीं मोठ्या फळाची हौस कोणी कां धरावी?

घरच्या वहिनींचें म्हणणें असें, कीं टोमॅटोला पाणी पुष्कळ नको, नेमाचें हवें. आणि तें शास्त्राला धरून आहे. आठ दिवस माती सुकली व मग एकदम भरपूर पाणी मिळालें, तर गर फुगतो, साल तितकी ताणत नाहीं आणि फळ तडकतें. फळाचें बूड काळें पडतें, त्याचेंही मूळ बहुधा येथेंच. फळाला चुना कमी पडल्याचें तें लक्षण खरें. पण काळ्या जमिनींत चुना मूळचाच पुष्कळ असतो. तो फळापर्यंत पोंचतो पाण्याबरोबर. म्हणून आणखी चुना टाकण्यापेक्षां बुडाशीं उसाचें पाचट किंवा वाळला पाला पसरून ओल टिकवावी. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेलें पाणी रोज सकाळीं मुळाशीं घातलें, तर चार झाडांना त्याचा मोठा आधार होतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या वर जाऊन रात्रही उबदार राहूं लागली, कीं टोमॅटोचीं फुलें गळतात. येथें तर वैशाखांत पारा ४० ओलांडतो. यास्तव रोप भाद्रपदांत टाकावें आणि सुमारें चार आठवड्यांनीं उंच वाफ्यावर, दोन दोन फुटांवर लावावें. म्हणजे फळ थंडींत पोसतें. जेथें नुकतीच वांगीं किंवा मिरची होती ती जागा टाळावी. हीं सारीं एकाच कुळांतलीं, त्यांचे रोगही सारखे.

बी निवडूनच घ्यावें. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या 'अर्का रक्षक' जातीचें फळ ९० ते १०० ग्रॅम भरतें, आणि पांढऱ्या माशीमुळें पानें आकसण्याच्या रोगालाही ती दाद देत नाहीं. ती संकरित असल्यामुळें तिचें बी मात्र पुन्हा धरूं नये. उंच वाढणाऱ्या जातींचे बगलेंतील फुटवे खुडावे व एका घोसांत तीन-चार फळेंच ठेवावीं. शेणखत चांगलें कुजलेलें असावें. नत्र फार झालें, तर झाड नुसत्या पाल्यानें माजतें.

अमेरिकेंत ओक्लाहोमा येथें १९८६ सालीं ३.५१ किलो वजनाचा एक टोमॅटो निघाला व तो विक्रम २८ वर्षें टिकला. तसल्या स्पर्धेची आपल्या परसाला गरज नाहीं; एका फळांत चौघांची कोशिंबीर झाली, तरी गृहिणी संतुष्ट.

परततांना बीडच्या दक्षिणेस खजाना विहीर पाहिली. सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या काळीं, ती बांधली गेली. मोटेवांचून, केवळ जमिनीच्या उतारानें, तिचें पाणी भूमिगत नहरांतून बलगुजार भागांतील बागाइतीकडे नेण्याची योजना त्या कारागिरांनीं केली. मोजकें पाणी अखंड पुरवावें, हें त्या मुलखानें चारशें वर्षांपूर्वींच ओळखलें होतें. आमच्या वाचकभगिनींनीं येत्या भाद्रपदांत चार रोपें लावून त्याचा पडताळा अवश्य घ्यावा.