चिमुकल्या हातांची खूण

आमचे धाकटे बंधू व्यापारी जहाजावर नोकरीस आहेत. एकदां निघाले म्हणजे आठ-नऊ महिने त्यांचें घरीं येणें होत नाहीं. त्यांची सहा वर्षांची कन्या व तीन वर्षांचा पुत्र आमच्याजवळच असतात. हल्लीं दूरध्वनीच्या कांचेवर बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, ही सोय मोठी खरी. परंतु गेल्या खेपेस बंधू परतले, तेव्हां धाकट्यानें त्यांस पाहतांच आईच्या पदराआड जें तोंड लपविलें, तें दोन दिवस बाहेर काढिलें नाहीं. कांचेवरचे बाबा त्यास ठाऊक होते. दारांत उभे राहून हात पसरणारे बाबा ओळखीचे नव्हते. बंधू हंसले, पण त्या रात्रीं जेवले नाहींत.

म्हणून ह्या खेपेस त्यांच्या सामानांत मुलांच्या हातची एखादी वस्तु जावी व तिची जोडी घरीं राहावी, असें आम्हीं योजिलें. नांव छापून दिलेल्या पेल्यांस व उश्यांस बाजारांत तोटा नाहीं. पैसे मोजले कीं काम होतें. त्यांत मूल मात्र कोठेंच नसतें.

वस्तु हलकी हवी, चपटी हवी व न फुटणारी हवी. आमचें घर सावंतवाडीपासून फारसें दूर नाहीं, तेव्हां गंजिफांची आठवण होणें साहजिकच होतें. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात. हा खेळ व ती कला विझत चालली असतां सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत राजवाड्यांतच कारागीर बसवून ती जगविली. जुन्या रीतीचें पान कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन व दगडानें घोंटून केलेलें असे. आम्हांस खेळ मांडावयाचा नव्हता, पण ही रीत घरीं जमण्याजोगी वाटली.

आमच्या मातोश्रींचें एक विरलेलें सुती लुगडें निघालें. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटले व शिजवून त्यांची खळ केली. मुलांस खरा आनंद झाला तो येथें! खळींत कोपरापर्यंत हात घालावयास मिळणें ही त्या वयांतील सुखाची परमावधि होय. तीन थरांचीं, वीतभर व्यासाचीं चार पानें उन्हांत वाळविलीं. घोंटण्यास नदींतील गुळगुळीत गोटा कन्येनें स्वतः शोधून आणिला व तो दुसऱ्या कोणास हात लावूं दिला नाहीं.

रंगांविषयीं मात्र पालकांनीं फार सावध असावें. जुन्या चित्रकारांच्या पेटींतले कित्येक रंग विषारी आहेत. शेंदुरांत शिसें असतें, हरताळांत सोमल व हिंगुळांत पारा. आणि मूल म्हटलें कीं बोट तोंडांत जावयाचेंच. आम्हीं गेरू, हळद व दिव्याची काजळी एवढीच सामग्री घेतली व बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत ती कालविली. हळदींत चुन्याचें एक बोट फिरवितांच ती लालभडक होते, हें आम्हीं वाटींत करून दाखविलें. चुना त्वचेस भाजतो, म्हणून तो मुलांच्या हातीं दिला नाहीं. हळदीचा रंग उन्हांत उडतो, तेव्हां ती केवळ कडेच्या वेलबुट्टीस ठेविली. तळहातांस गेरूच. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज व माती. तो सहसा विटत नाहीं. इंडोनेशियांतील सुलावेसी बेटावर एका गुहेंत हात भिंतीस टेकवून भोंवतीं रंग फुंकरून उमटविलेली हाताची आकृति आहे, ती निदान ३९,९०० वर्षांची असल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. तो हात कोणाचा, हें मात्र कोणी सांगूं शकत नाहीं. आमच्या पानांवर नांव घालावयाचें ठरलें तें ह्याचसाठीं.

बंधू घरीं होते तोंवर प्रत्येक पानावर त्यांच्या पंज्याची बाह्यरेषा मुलांनीं पेन्सिलीनें काढिली. गुदगुल्या होऊन ते हात हलवीत, त्यामुळें एका पानावर त्यांची करंगळी दुप्पट जाड आली आहे. मग त्या रेषेच्या आंत मुलांनीं आपापला तळहात उमटविला. धाकटा ओल्या रंगाचा स्पर्श होतांच मूठ आंवळी, व कागदावर सरावाला एक गोळाच उमटे. शेवटीं युक्ति सांपडली. हात पानावर न दाबतां, तो गोष्ट ऐकण्यांत रमला असतां उताणा पसरलेल्या हातावर पानच अलगद टेकविलें. पांचही बोटें स्पष्ट आलीं.

कन्येनें आपलें नांव स्वतः लिहिलें. त्यांतील वेलांटी उलट्या बाजूस वळली. आमच्या सौभाग्यवतींचा हात ओलें फडकें घेऊन पुढें झाला. तो आम्हीं वेळींच धरिला. वेलांटी पुढें आयुष्यभर सुलटीच यावयाची आहे, ही उलटी पुन्हा मिळणार नाहीं. लाखेचें रोगण मुलें निजल्यावर आम्हींच चढविलें, कारण तें स्पिरिटांत विरघळवावें लागतें.

दोन पानें बंधूंबरोबर समुद्रावर गेलीं, दोन येथें देवघराशेजारीं टांगलीं. आतां चौथा महिना चालू आहे. धाकटा दर रविवारीं स्टुलावर चढून आपला हात पानावर ठेवतो. मागच्या आठवड्यांत त्याचीं बोटें गेरूच्या खुणेबाहेर किंचित् आलेलीं त्यास दिसलीं.

"काका, बाबाचा पण हात वाढतो?"

"तें बाबालाच विचार," आम्हीं सांगितलें.

संध्याकाळीं कांचेवर बंधूंचा चेहरा आला. एरवीं मागें राहणारा तो पुढें सरसावला व म्हणाला, "बाबा, आधीं हात दाखव."