रिकामे घर

साठी उलटल्यावर हाती रिव्हॉल्व्हर धरण्याचा योग येईल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात, धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याला नेमबाजीचा छंद. परदेशी पाहुण्याला शस्त्र हाताळायचे तर तिकडे सहसा शिकारीचा परवाना लागतो. तो त्याने आम्हांला काढायला लावला आणि एका सकाळी वाळवंटातल्या मैदानावर नेले.

आम्हां भावांत बोलणे बेताचेच होते. २००९ साली बाबा गेले, तेव्हा तो दफनविधीला आला नाही. पुढे दर नाताळला फोन होई. प्रकृती, पाऊस, मुलांच्या परीक्षा एवढ्यावर आटपे. ‘का आला नाहीस?’ हा प्रश्न दहा वर्षे आमच्या ओठांशी येऊन मागे फिरत होता.

रिव्हॉल्व्हर होते पॉइंट चव्वेचाळीस मॅग्नमचे. एल्मर कीथ या आयडाहोच्या नेमबाजाने अनेक वर्षे अधिक जोरदार काडतुसाचा आग्रह धरला, तेव्हा कुठे १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसनने ते पहिल्याने घडवले. साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला चारशे मीटरहून अधिक वेगाने सुटते. पोलादी आकृत्या पाडण्याच्या स्पर्धेत तिकडची मंडळी अशा शस्त्राने २०० मीटरवरचा मेंढाही लोळवतात. आमच्यापुढे मात्र २५ मीटरवर कागदी वर्तुळ होते, आणि आमच्या सहाही गोळ्या त्याच्या खाली, डाव्या अंगाला लागल्या.

“धक्काच इतका बसतो की नेम राहील कसा?” आम्ही म्हणालो.

भाऊ हसला. “दादा, धक्क्याने नळी वर उडते. मग गोळ्या खाली कशा गेल्या?”

आम्ही निरुत्तर झालो. त्याने समजावले, की गोळी नळीतून निघते तोवर नळी किंचित वर उचललेली असते. हे धरूनच पुढची माशी उंच ठेवलेली असते. धक्क्याचा हिशेब कारागिराने आधीच केलेला आहे. माशी आणि मागची खाच यांत अंतर जेमतेम २० सेंटिमीटर. त्यामुळे चाप ओढताना माशी १ मिलिमीटर जरी ढळली, तरी २५ मीटरवर गोळी १२ सेंटिमीटर चुकते.

मग पाठ वळवून त्याने स्वतः काडतुसे भरली. चक्राच्या सहा घरांपैकी काहींत रिकाम्या पुंगळ्या घातल्या. कोणत्या घरात काय, ते आम्हांला सांगितले नाही. पहिला बार उडाला. दुसऱ्या खेपेस नुसते ‘टक्’ वाजले, आणि त्याच क्षणी आमच्या हातातली नळी दोन बोटे खाली दबली. धक्का नव्हताच. येणार म्हणून आमच्या मनगटाने त्याला आधीच रेटा दिला होता. आम्हांला स्वतःचीच लाज वाटली.

तासाभराने हात थोडा निवला. चाप हळूहळू दाबायचा, नजर माशीवर ठेवायची आणि बार केव्हा उडेल याची वाट पाहायची नाही, एवढेच शिकायचे होते. शेवटच्या सहांपैकी चार गोळ्या काळ्या वर्तुळात बसल्या.

घरी परतताना गाडीत आम्ही विचारले, “बाबांच्या वेळी का आला नाहीस रे?”

तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. “नोकरी गेली होती, दादा. तिकिटाला पैसे नव्हते. तुला सांगायची लाज वाटली.”

ज्या उत्तराला भिऊन आम्ही दहा वर्षे अंग आखडून बसलो होतो, ते एवढेच होते. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मागितले असते तर पैसे आम्ही पाठवले असते, हे त्या वेळी बोलून दाखवले नाही. आजही तेवढे एक सांगायचे राहिलेच आहे.