दाभोळची खाडी

आठवीच्या वर्गात मी नॉर्वेचा किनारा शिकवत होते. नकाशात तो किनारा उंदराने कुरतडलेल्या कागदासारखा दिसतो. डोंगरांत लांबवर शिरलेल्या समुद्राच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यांना फियॉर्ड म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्यांनी तेथे खोल दऱ्या कोरल्या आणि पुढे त्या दऱ्यांत समुद्राचे पाणी भरले. सोग्ने फियॉर्ड दोनशे किलोमीटरहून अधिक लांब असून काही ठिकाणी तेराशे मीटर खोल आहे. त्याच्या दक्षिणेला बर्गेन हे जुने बंदर आहे. मध्ययुगात जर्मन व्यापारी तेथे वखार घालून राहत. ते धान्य आणत आणि सुकवलेले मासे नेत. १७०२ च्या आगीत तेथील लाकडी घरे जळाली. लोकांनी ती जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधली.

एका मुलीने विचारले, "टीचर, आपल्याकडे असे शहर नाही का?"

"आहे. दाभोळ," मी म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी अम्मीला घेऊन दाभोळला निघाले. अम्मीचे सारे आयुष्य सांगलीत गेले. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता.

कराड, पाटण, कोयनानगर असे करत एस.टी. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आली. एके काळी दाभोळ बंदरातला माल बैलांच्या पाठीवर लादून याच घाटाने देशावर येत असे. घाट उतरताना मी अम्मीला कोयनेची गंमत सांगितली. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते. पुढे ते पाणी सांगलीवरून जाते. पण धरणातले बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले आहे. पोफळीला डोंगराच्या पोटात वीज तयार केल्यावर ते वाशिष्ठी नदीत जाते आणि दाभोळजवळ समुद्राला मिळते. १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला नवा बोगदा जोडताना शेवटचा खडक पाण्याखालीच सुरुंगाने उडवला. ही रीतही नॉर्वेत रुळलेली.

अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे अर्धे पाणी आपल्या घरी येते आणि अर्धे इकडे."

तिच्या बोलण्याचा रोख मला कळला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीइतके पाणी होते. हजसाठी तिने वर्षानुवर्षे साठवलेली रक्कम भिंती, दारे आणि धान्याचे डबे यांत गेली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. चिपळूणला गाडी थांबली तेव्हा चहावाल्या बाईने न विचारताच भिंतीवरची खूण दाखवली. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी तिथवर चढले होते. अम्मीने उठून त्या खुणेला हात लावून पाहिला. मग दोघी कितीतरी वेळ चिखल कसा काढला, गाद्या कशा फेकल्या, हेच बोलत राहिल्या. शेवटी कंडक्टरने हाक मारली.

धोपाव्याहून दाभोळला जाण्यासाठी खाडी ओलांडावी लागते. फेरीबोटीत माणसांबरोबर मोटारीही चढतात. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मधे संथ पाणी. नॉर्वेचे चित्र आठवावे असाच देखावा आहे. पण आपली खाडी हिमनदीने कोरलेली नाही. ती फियॉर्डइतकी खोल नसते आणि नदीच्या गाळाने भरत जाते. बर्गेनला आजही मोठी जहाजे लागतात; दाभोळचा व्यापार मात्र संपला. आता मासळीच्या होड्या दिसतात.

पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी भारतात आला होता. परतीच्या प्रवासाला तो दाभोळहूनच जहाजात बसला. अरबस्तानचे घोडे येथे उतरत. हजचे यात्रेकरूही येथून जात. पोर्तुगीज अधिकारी अल्मेडा याचा मुलगा चौलच्या लढाईत मारला गेला होता. त्याचा सूड घ्यायला निघालेल्या अल्मेडाने डिसेंबर १५०८ मध्ये दाभोळ लुटून जाळले. ज्यांचा त्या लढाईशी काही संबंध नव्हता अशी माणसे त्यात मेली. गाव पुन्हा वसले.

धक्क्यापासून जवळच काळ्या दगडाची जुनी मशीद आहे. उंच चौथरा, चार मिनार आणि मधोमध मोठा घुमट. तिची कथा अशी सांगतात : विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला निघाली. बरोबर मोठा खजिना होता. येथवर आल्यावर कळले, की समुद्रात चाचे फार आहेत. जाणे रद्द झाले. काझी-मौलवींच्या सल्ल्याने तिने ते धन या मशिदीला लावले. सन १६५९-६० च्या सुमाराची ही गोष्ट. तिच्यातले खरे किती आणि लोकांनी घातलेले किती, हे ठरवणे अवघड आहे. मला ती खरी वाटते, कारण तिच्यात इच्छा अपुरी राहिली आहे.

अम्मी पायऱ्यांवर बसून ऐकत होती. समोर खाडीचे तोंड आणि त्यापलीकडे समुद्र दिसत होता.

"मशीद बांधली, चांगले केले," ती म्हणाली. "पण तिला समुद्र दिसत असेल ना रोज?"

"ती परत विजापूरला गेली असेल."

"तरी दिसत असेल."

मी काही बोलले नाही. तिने चपला काढल्या, पाण्याच्या कडेला गेली, ओंजळीत पाणी घेऊन चाखले आणि खारट लागताच तोंड वाकडे करून हसली.

परतीच्या बोटीत तिने विचारले, "पोस्टात नवे खाते काढायला कोणते कागद लागतात?"

"आधार कार्ड आणि फोटो," मी म्हणाले.

"फोटो जुना चालेल का?"