मानीव

आपल्याकडे विक्रम संवत आहे, शालिवाहन शक आहे, हिजरी सन आहे. 'कचेरीतले नव्वद दिवस' ही कालगणना मात्र कुठल्याच पंचांगात नाही. मला ती काकांमुळे कळली.

काका १९८४ च्या मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि जूनअखेर सरकारी क्वार्टर सुटणार होतं. गावाबाहेर त्यांची चार गुंठे जमीन होती. तिच्यात कुसळांखेरीज काही उगवत नसे, पण सात-बारावर ती शेती. घर बांधायचं तर आधी बिनशेती करून घ्यायला हवी. कुणीतरी १९६६ चा जमीन महसूल अधिनियम काकांच्या हाती दिला, आणि कलम ४४ नं त्यांना झपाटलं. अर्जाची पोच दिल्यापासून नव्वद दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांनी निर्णय कळवला नाही, तर परवानगी दिली असंच मानायचं! मानीव परवानगी.

"म्हणजे मानसपूजेसारखं?" काकू म्हणाल्या.

९ जानेवारीला पोच मिळाली. काका कालनिर्णयवर रोज एक फुली मारू लागले. एकादशी, संकष्टी, दूधवाल्याचे खाडे, सगळं फुल्यांखाली गेलं. नव्वदावी फुली ८ एप्रिलला, रविवारी पडली. काकांनी पेढे आणले.

१२ तारखेला पोस्टमन आला. अर्ज परत! नकाशाची एक प्रत कमी. पत्रावर तारीख ४ एप्रिल, पाकिटावर पोस्टाचा शिक्का १० चा. काका तडक कचेरीत.

"हे मुदतीनंतर आलंय."

"आमच्याकडनं चार तारखेलाच गेलंय. जावक रजिस्टर बघा."

"कायद्यात 'कळवणे' म्हटलंय. मला कुठं कळलं?"

"आता कळलं ना? प्रत जोडा. पुन्हा अर्ज आला की तिथनं नव्वद."

कारकून अगदीच हवेत बोलत नव्हता. त्रुटीसाठी परत केलेला अर्ज पुरा होऊन आला की मोजणी नव्यानं, हेही त्याच कलमात होतं. फक्त एक नकाशा कमी आहे हे दिसायला शहाऐंशी दिवस लागावेत? तेवढ्यात कोंबडीनं चारदा पिल्लं काढली असती.

बरं, परवानगी मिळाली असं मानलं, तरी घरकर्ज देणारे मानेनात. हुकमाची नक्कल आणा म्हणाले. काका नक्कल मागायला गेले, तर उत्तर मिळालं, "साहेबांनी हुकूम दिलेलाच नाही, नक्कल कसली?" गेले आठ दिवस काका नेमकं हेच ओरडून सांगत होते.

शेवटी 'हक्क राखून' असं ठळक लिहून त्यांनी १६ एप्रिलला नकाशा जोडला आणि लाल पेन्सिलीनं नव्या फुल्या सुरू केल्या. जुलैत दोघं आमच्या पडवीत राहायला आली. काकूंनी पोत्यातली भांडी काढली, लोणच्याच्या बरण्यांचे दादरे मात्र सोडले नाहीत. "त्या आता आपल्या घरात."

एकोणनव्वदाव्या दिवशी हुकूम आला. काका एकेक अट मोठ्यानं वाचत गेले. बिनशेती वापर सुरू झाल्यापासून तीस दिवसांत तहसीलदारांना कळवावं, न कळवल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड.

"इथं मानीव काही नाही का हो?" काकूंनी विचारलं.

काका लाल पेन्सिलीला टोक करत होते.