पायापाशी

तुळजापूरला पहाटे चरणतीर्थ होतं, मग अभिषेक सुरू होतो. महावस्त्र उतरलेलं असतं आणि गंडकी शिळेची ती काळीभोर, अष्टभुजा मूर्ती पुरती दिसते. आलेला माणूस आईच्या मुखाकडे बघतो. पाच वर्षांची ती मुलगी आजीच्या कडेवर होती आणि तिची नजर खाली गेली. देवीचा डावा पाय जमिनीवर, उजवा राक्षसावर. दोन पायांच्या मधे रेड्याचं तुटलेलं मुंडकं. आणि आठ हातांपैकी एका हातात त्या राक्षसाची शेंडी.

ती शेंडी तिच्या मनात रुतून बसली. घरी धाकट्या भावाचं जावळ नुकतंच काढलं होतं आणि टाळूवर एवढीशी शेंडी ठेवली होती. शेंडी असलेला राक्षस म्हणजे कुणाचा तरी मुलगा, असं तिला वाटलं.

“आजे, त्याला दुखत नसंल का गं?”

आजी आराधी. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी हातात परडी. नातीच्या प्रश्नाला ती रागावली नाही. म्हणाली, “तेला बी हात जोड. त्यो बी आईच्या पायापाशीच हाय की.”

तिचं गाव तुळजापूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या उतारावरचं. तिथे तुळजेची कथा घराघरात सांगितली जाते. कर्दम ऋषींच्या मागे त्यांची बायको अनुभूती तान्ह्या लेकरासाठी जिवंत राहिली आणि मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. कुकुर नावाच्या राक्षसाने तिची वाट अडवली. तिने हाक मारली आणि देवी त्वरित धावून आली, म्हणून ती त्वरिता. तिचीच पुढे तुरजा, तुळजा झाली. कुकुराने मरताना रेड्याचं रूप घेतलं. मूर्तीच्या एका बाजूला अनुभूती आजही आहे, दुसऱ्या बाजूला मार्कंडेय ऋषी. देवी, तिला हाक मारणारी बाई, कथा सांगणारा ऋषी आणि तो राक्षस, सगळी एकाच दगडात.

मार्कंडेय पुराणातलं देवीमाहात्म्य तिने पुढे शाळेत असताना भाषांतरात वाचलं. तिथे या रेड्याच्या राक्षसाचं नाव महिषासुर, आणि तो एका रूपावर ठरतच नाही. रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा तलवारधारी पुरुष, पुरुषाचा हत्ती, पुन्हा रेडा. शेवटी देवी त्याच्या मानेवर पाय देते, आणि रेड्याच्या तोंडातून तो कमरेपर्यंत बाहेर येतो. अर्धा माणूस, अर्धं जनावर. पुरतं बाहेर पडण्याआधीच वार होतो. त्या अर्ध्या बाहेर आलेल्या देहाने तिला बरेच दिवस झोपू दिलं नाही. त्याला बाहेर पडू दिलं असतं तर कोण निघालं असतं?

शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला एक दगड होता. तो म्हसोबा. पेरणीआधी वडील त्याच्यापुढे नारळ फोडत. दामोदर धर्मानंद कोसंबींचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे पुस्तक 1962 सालचं. ते तिच्या हाती पडलं कॉलेजात. गावोगावचा म्हसोबा आणि महिषासुर यांचं नातं कोसंबींनी पायी हिंडून शोधलं होतं. एका ठिकाणी देवी ज्याला चिरडते, तोच दुसऱ्या ठिकाणी देवीचा नवरा म्हणून पुजला जातो. पुरंदर तालुक्यातल्या वीरला म्हस्कोबाचं लग्न दरवर्षी लागतं. आजीला कोसंबी ठाऊक नव्हते, पण बांधावरच्या दगडाला ती रिकाम्या हाताने कधी ओलांडून गेली नाही.

पायाखालचा दुसरा तिला तेरला भेटला.

तेरणाकाठचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या ग्रंथात त्याचं नाव आहे. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं, पाठीमागे अर्धगोल वळलेलं. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं, असं मानतात. आत पाऊल उचललेला विष्णू. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग मोजून झाले, तिसऱ्यासाठी बळीने आपलं डोकं पुढे केलं, ही कथा बाईंनी सहलीत सांगितली. मुलीला घरचा पाडवा आठवला. दिवाळीच्या पाडव्याला आई शेणाचा बळी मांडायची, त्याला झेंडूचं फूल खोवायची, आणि ओवाळताना म्हणायची, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. आई विष्णूची पूजा एकादशीला करत होती आणि राज्य मागत होती ते बळीचं. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त बळीला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं, शेतकऱ्याला बळीराजा म्हणताना मराठी माणूस आजही त्याच असुराचं नाव घेतो. भागवतात तर विष्णू स्वतः सुतळात बळीच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा राहतो.

एम.ए.साठी ती तेव्हाच्या औरंगाबादला गेली. पहिल्यांदा घर सुटलं. वसतिगृहातल्या मुली तिच्या बोलण्याला हसत, म्हणून ती बोलेनाशी झाली. त्या पावसाळ्यात ग्रंथालयात तिला मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ सापडली. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी 1815 साली फुटला, त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा झालाच नाही. त्या गारठ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी, अठरा वर्षांच्या मुलीने ही कादंबरी लिहायला घेतली. 1818 साली ती छापून आली, तेव्हा पुस्तकावर लेखिकेचं नाव नव्हतं.

कादंबरीतल्या, माणसाने घडवलेल्या त्या जिवालाही नाव नाही. लोक त्याला फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, पण ते त्याला घडवणाऱ्याचं आडनाव. त्याने डोळे उघडले आणि घडवणारा पळून गेला. एका झोपडीच्या भिंतीतल्या फटीतून तो घरातली माणसं बघतो, त्यांचं ऐकून बोलायला शिकतो, रात्री त्यांच्यासाठी गुपचूप लाकडं तोडून ठेवतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी प्रेमाने बोलतो. डोळस मुलगा घरात शिरतो आणि काठीने झोडपतो. हे पान वाचताना ती ग्रंथालयातच रडली. फटीतून भाषा ऐकणं म्हणजे काय, हे तिला त्या वर्षी नीट कळत होतं. तिच्या गावात या जिवाला निदान नाव मिळालं असतं, एखादा बांध मिळाला असता, असंही तिला वाटून गेलं.

धाराशिवला तिला मास्तरकी मिळाली, लग्न झालं, मुलगी झाली. तोवर राक्षस तिच्यासाठी इतरांचे होते. तिने फक्त त्यांची बाजू घ्यायची होती.

एका हिवाळ्यात सकाळी ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती. गठ्ठा त्या दिवशी द्यायचा होता. न्हाणीत बादलीत हीटर लावलेला. तीन वर्षांची लेक मागे येऊन दोनदा “आई” म्हणाली. हाक कानावर पडली होती. “थांब गं,” एवढं तिने न वळता म्हटलं. मग किंकाळी आली. हीटर बंद झाला होता, पाणी मात्र कढत होतं. लेकीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तो बरा झाला, डाग राहिला.

त्यानंतर तिला गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, कथा ऐकवेना. तेर हे त्यांचंच गाव. 1317 साली त्यांनी तिथेच समाधी घेतली, असं परंपरा सांगते. विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना रांगतं लेकरू पायाखाली आलं, ते त्यांना कळलं नाही. महिपतींनी 1762 साली ‘भक्तिविजया’त हा प्रसंग सांगितला आणि कीर्तनकार तो भक्तीचा कळस म्हणून रंगवतात. पण तिने गावच्या कुंभाराला चिखल तुडवताना पाहिलं होतं. मातीत लीद आणि राख मिसळून तो गोल गोल फिरायचा, आणि टाचेला बारीक खडा लागला तरी थांबून, वाकून, तो उचलून फेकायचा. कुंभाराच्या टाचेला खडा कळतो. मग लेकरू? पायाखालच्याची बाजू घेता घेता ती आता पायाच्या बाजूला येऊन उभी राहिली होती.

तरी चैत्रातल्या यात्रेला ती तेरला जात राहिली. कथेतली एक गोष्ट तिला धरून ठेवायची. लेकराची आई पाण्याहून परत येते आणि विठ्ठलाची भीड न ठेवता नवऱ्याला बोलते. संतांच्या चरित्रात तो आक्रोश कुणी गाळला नाही. पंढरीत लेकरू परत मिळतं, पण त्याआधीचा तो रक्ताळलेला चिखलही कथेने पुसला नाही.

आजी आता नाही. गेल्या वर्षी लेक कॉलेजातून सुट्टीला आली, तेव्हा दोघी पहाटे तुळजापूरला गेल्या. आई राजा उदो उदो चालू होतं. भोपे पुजाऱ्यांनी दह्याचं भांडं ओतलं. दही देवीच्या मस्तकावरून खांद्यावर, आठही हातांवरून खाली आलं आणि शेंडीवरून राक्षसाच्या कपाळावर ओघळलं. लेकीने हात जोडले तेव्हा बाही मागे सरली आणि मनगटावरचा डाग दिसला.

“आई, ह्याचं नाव काय गं?” लेकीने खाली बघत विचारलं.

“महिषासुर म्हणतात,” ती म्हणाली. “आपल्याकडे कुकुरही म्हणतात.”

मागून रेटा आला. पुढे सरकता सरकता दोघींनी मान वळवून पुन्हा खाली पाहिलं. भोपे पाण्याने मूर्ती धूत होते, आणि त्यांचा हात राक्षसाच्या तोंडावरूनही तसाच सावकाश फिरत होता.