किती जेवणांची वाट?

नववीच्या वर्गात अक्षांश-रेखांश शिकवायचे असले की मी पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन जातो. दोऱ्याचे एक टोक बंगळूरवर, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर. भिंतीवरच्या नकाशात मुले ही वाट पॅसिफिकवरून नेतात. गोलावर ताणलेला दोरा मात्र उत्तरेला चढतो आणि ध्रुवाजवळून पलीकडे उतरतो. मग तोच दोरा विषुववृत्तावर धरायचा. ४०,००० किलोमीटरच्या त्या परिघाचा तो एक तृतीयांशाहून थोडा अधिक भरतो, म्हणजे सुमारे १४,००० किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला पहिले थेट विमान आले ते ध्रुवाजवळूनच, आणि ते चालवणाऱ्या सगळ्या स्त्रिया होत्या. वेळ सुमारे १७ तास. ‘आमची लेक तिथेच असते,’ हे मी वर्गात जरा ऐटीतच सांगत असे.

आईला किलोमीटर कळत नसत. चंदगडला जायचे तर एक शिदोरी, पंढरपूरला तीन, असा तिचा हिशेब. नात पहिल्यांदा निघाली तेव्हा तिने विचारले, ‘‘किती जेवणांची वाट हाय गं?’’ लेक हसून म्हणाली, ‘‘मोजून सांगते, आजी.’’

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. रविवारी आईने अन्न सोडले. पोरीला उगाच कशाला घाबरवा, दोन दिवस बघू, असे मीच ठरवले. मंगळवारी रात्री आठ वाजता फोन केला. तिथे त्याच दिवसाची सकाळ, साडेसहा. सहा तासांत ती घराबाहेर पडली. थेट विमान त्या दिवशी नव्हते. विमानतळावर ४ तास, दुबईपर्यंत १६, तिथे ताटकळत ४, पुढे बंगळूरपर्यंत ४, तपासणीत १ आणि बेळगावचे ५०० किलोमीटर मोटारीने ९ तास. एकूण ३८.

बुधवारी पहाटे आई गेली. ‘‘इतका वेळ ठेवू नये,’’ वडीलधारी म्हणाली. मी मान हलवली. आम्ही तिला नेले तेव्हा लेक कुठल्या तरी समुद्रावर होती.

गुरुवारी दुपारी चारला ती दारात उभी राहिली. रविवारी रात्री मी फोन केला असता तर हीच ती मंगळवारी दुपारी चारला पोचली असती. मंगळवारी दिवे लागेपर्यंत आई बोलत होती. हा हिशेब मी तिला सांगितला नाही. तिने तो केव्हाच मांडला असणार. गणित तिला माझ्याहून चांगले येते.

रात्री ताटावर बसली असता ती म्हणाली, ‘‘बाबा, पाच जेवणं झाली वाटेत. आजीला सांगायचं होतं.’’

दोरा मी अजून वर्गात नेतो. ‘सर, किती तास लागतात?’ या प्रश्नाला १७ हे उत्तर आता देत नाही. दारापासून दारापर्यंत मोजा, म्हणतो; आणि फोन उचलल्यापासून मोजा.